शेवटच्या रांगेचा आवाज आणि चार बोटांवरचा माईक: फोंड्यातल्या एका पॉडकास्टचं प्रकरण

२०२५ च्या जूनमध्ये, मिरग लागून आठ दिवस झाले असतील, दादाचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला. दीड मिनिटाचा, त्यातला एक मिनिट नुसता पाऊस आणि शेजारचं कुत्रं, आणि शेवटी एवढंच की पॉडकास्ट करायचाय, तू माईक घेऊन ये, बाकी मी बघतो. ते बाकी म्हणजे काय हे मला पुढचे सात-आठ महिने हळूहळू कळत गेलं.

दादाचं नाव देत नाही, प्रकरण लिही म्हणाला ते नाव गाळायच्या अटीवरच. एवढं सांगतो की गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला नट, पंचवीसेक वर्षं जत्रेची आणि उत्सवाची नाटकं, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत अ गटात बक्षिसं, आणि मग मुंबईला एका सिरियलमध्ये अडीच वर्षं खलनायक. सिरियल संपली तसा गावी परत आला. आता बाजारात मासे घ्यायला गेला की बायका थांबवून आधी शिव्या घालतात, मेल्या त्या पोरीला का छळलंस म्हणून, आणि मग सेल्फी काढतात. इन्स्टावर ऐंशी हजारांच्या आसपास लोक. मी त्याच्या नाटकांना साउंड करतो, पोरवयापासून त्याच्याकडे येणंजाणं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याचा प्लॅन सोपा होता. मुंबईची कलाकार मंडळी सुट्टीला गोव्यात येतच असतात, त्यांना धरायचं, तासभर गप्पा मारायच्या, दोन किस्से, थोडं हसणं, झाला एपिसोड. मी विचारलं की लोक हे का ऐकतील? म्हणाला, "अरे लोक मला ओळखतात."

ओळखतात हे खरंच होतं, आणि सगळा घोळ तिथेच होता. ओळखीचा उपयोग पहिल्या भागाला होतो. लोक चेहरा बघून दार उघडतात, पण आत बसायचं की नाही ते पाचेक मिनिटांत ठरवतात. मी त्याला दोन उदाहरणं दिली. एक अमेरिकेतला कॉमेडियन मार्क मॅरन. त्याने २००९ मध्ये सुरू केलं तेव्हा हातचं रेडिओचं काम गेलेलं, घराच्या गॅरेजमध्ये बसून तो दुसऱ्या कॉमेडियन लोकांशी बोलायचा, आणि त्यात स्वतःची मत्सराची, जुन्या भांडणांची सगळी धुणी धुवायचा. २०१५ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना त्या गॅरेजात येऊन बसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने तो स्वतःहून बंद केला, म्हणजे सोळा वर्षं चालला. दुसरं उदाहरण ब्रिटनच्या राजघराण्यातली सून मेगन हिचं, २०२२ मध्ये स्पॉटिफायवर शो आला, नाव एवढं मोठं की सुरुवातीला कित्येक देशांत चार्टवर वरती, पण १२ भागांनंतर दुसरा सीझन आलाच नाही आणि २०२३ मध्ये करार संपला. दादाने दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे गॅरेज पाहिजे काय आपल्याला?"

गॅरेज नाही, पण आधी स्टुडिओ घेतला. पणजीत भाड्याने मिळतात, एसी, निऑनचा दिवा, मागे खोटी पुस्तकं. दादाने स्वतःच्या पैशांनी एक माईक पण मागवला, शुअरचा तो काळा एसएम७बी, जो सगळ्यांच्या व्हिडिओत दिसतो. माईक चांगलाच आहे, वाद नाही, पण त्याला साठेक डेसिबल गेन लागतो, म्हणजे आवाज तेवढा वाढवावा लागतो, आणि माईक कॉम्प्युटरला जोडायचा आमचा जुना इंटरफेस तेवढा ताणला की मागे सुंऽऽ असा आवाज यायला लागायचा. गंमत म्हणजे दादासाठी गेन लागलाच नाही. त्याने "नमस्कार" म्हटलं की सुई लाल. सगळा त्रास पाहुण्यांचा, ते बिचारे माणसासारखे बोलत होते.

सुरुवातीला "गोव्यातला पहिला सेलिब्रिटी पॉडकास्ट" असं लिहायचं होतं त्याला. मी हट्टाने काढायला लावलं. एक तर पहिला की दुसरा हे मोजलंय कुणी, आणि दुसरं म्हणजे आवाजाचं काम म्हणायचं तर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या बाजूला रानात ट्रान्समीटर घेऊन बसले होते, कोकणी आणि पोर्तुगीजमधून पोर्तुगिजांच्या विरोधात रोज बोलत होते, ना लाइक ना सबस्क्राइब. त्यांच्या गोव्यात आपण एसीत बसून पहिला बिहिला म्हणायचं म्हणजे जरा जास्तच. दादाला हे पटलं, कारण त्याला अशी गोष्ट सांगितली की पटतं, आकडे सांगितले की पटत नाही.

लाँच ठेवला चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, २७ ऑगस्ट. हा निर्णय आमचा दोघांचा चुकला. चवथीला गोव्यात माणूस मूळ घरी असतो, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधत असतो, आरत्या, नेवऱ्या म्हणजे करंज्या, पत्ते, आणि घरात तीस माणसं. कानात हेडफोन घालून एकटं बसायला त्या पाच दिवसांत जागा कुठे? सोशल मीडिया बघायला एक एजन्सी धरली होती, त्यांनी कार्डं छापली, त्यावर क्यूआर कोड, आणि तो उघडायचा गुगल पॉडकास्टची लिंक. ते अ‍ॅप २०२४ मध्येच बंद झालंय. पाचशे कार्डं दादाने देवळात, फार्मसीत, बारवर सगळीकडे वाटली होती. त्याच्या मामाने फोन करून विचारलं, "तुझं ते उघडत नाही रे, तू गेलास काय?"

तांत्रिक बाजूला मी जास्त वेळ घालवत नाही, कारण ती शिकता येते. कव्हरचं चित्र चौकोनी ३००० बाय ३००० पिक्सेल ठेवा आणि फोनवर बोटाच्या नखाएवढं झालं तरी नाव वाचता आलं पाहिजे. अ‍ॅपलवर शो तपासून लागायला काही दिवस जाऊ शकतात म्हणून दोन मिनिटांचा ट्रेलर आधीच चढवून ठेवा. बोलण्याची फाइल मोनो ९६ केबीपीएसला केली तर ४० मिनिटं साधारण २९ एमबीत बसतात, सत्तरी-काणकोणच्या आतल्या गावांत रेंज कशी असते ते माहीत असेल तर हा मुद्दा कळेल. आवाजाची पातळी स्टिरिओत वजा १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास, मोनोत वजा १९. आणि होस्टिंगवाल्याकडून एक आरएसएस फीड मिळतं, म्हणजे आपल्या भागांच्या यादीची लिंक, तेच सगळ्या अ‍ॅप्सना द्यायचं, पॉडकास्टचा सगळा डोलारा २००४-०५ पासून त्या एका फीडवर उभा आहे. हे मी समजावत होतो तर दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आरएसएस? राजकारण नको हां आपल्याला यात." तो विनोद करत होता की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या भागात मुंबईची अभिनेत्री होती, यूट्यूबवर पहिल्या आठवड्यात सहा हजारांवर व्ह्यूज, दादा खूश, घरी शिरा केला. दुसऱ्याला दीड हजार. तिसऱ्या भागाला चारशे बारा, आणि त्यात साठ-सत्तर तर आमच्याच नाटक मंडळाच्या ग्रुपवरचे असतील. दादा म्हणाला अल्गोरिदमने मारलं. मी त्याला यूट्यूबचा रिटेन्शनचा ग्राफ उघडून दाखवला, तो ग्राफ म्हणजे आरसा असतो, कोण कुठे उठून गेला ते दिसतं. तिन्ही भागांत रेघ पहिल्या दोन मिनिटांतच कोसळत होती. त्या दोन मिनिटांत काय होतं? दादाची प्रस्तावना. "रसिकहो! मायबाप प्रेक्षकहो! आज आपल्या या मंचावर..." मंच नव्हता. प्रेक्षक पण नव्हते. एक बाई पोळ्या लाटत होती आणि कानात हे.

इथे मला थोडं मागे जाऊन सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडे बऱ्याच हिंदू घरांत बोलतात कोकणी आणि वाचतात-लिहितात मराठी. पेपर मराठी, भजन मराठी, लग्नाची पत्रिका मराठी, नाटक मराठी. पण आईला पाणी मागायचं ते कोकणीतच. भाषेच्या वादात मी पडत नाही, त्यावर इथे घरं फुटलीत, मी फक्त आवाजाचं बोलतोय. दादासारख्या नटाची मराठी ही पहिल्यापासून उभी राहून बोलायची भाषा आहे. देवळासमोरच्या मांडवात, पालखी झाल्यावर रात्री साडेबारा-एकला पडदा वर जाणार, समोर हजार माणसं, त्यातली शंभर चणे खातायत, मागे खाज्याची दुकानं, आणि आवाज पोचला पाहिजे शेवटच्या रांगेत शाल गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत. पंचवीस वर्षं तो मराठी तशी बोलला. त्यामुळे मराठीत तोंड उघडलं की त्याची छाती आपोआप पुढे येते, हनुवटी वर जाते. आणि पॉडकास्ट ही स्वयंपाकघरातल्या बोलण्याची जागा, ऐकणारा चार बोटांवर असतो. म्हणजे दादाच्या घरच्या आवाजाची भाषा वेगळी आणि कार्यक्रमाची भाषा वेगळी, आणि मी इतकी वर्षं त्याचा साउंड करून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याला नुसतं "हळू बोल, हळू बोल" म्हणत होतो. हळू बोलला की तो मरणाचा प्रवेश करायला लागायचा.

पाहुण्यांचं उलटं व्हायचं. चौथ्या भागाला मुंबईचं कुणी मिळेना, म्हणून गावातल्या रंगभूषावाल्याला बसवलं, चाळीस वर्षं तोंडं रंगवणारा माणूस. बाहेर पडवीवर चहा पिताना त्याने काय काय सांगितलं, हसून हसून पोट दुखलं. माईक लावला आणि दादा म्हणाला, "तर, आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीविषयी रसिकांना काय सांगाल?" त्या माणसाने घाबरून शाळेतल्या निबंधासारखी मराठी सुरू केली. वीस मिनिटांत संपला. जाताना मला म्हणतो, "हांव उलयतां तें कोण आयकतलो रे?" म्हणजे मी बोलतो ते कोण ऐकणार. आणि हे वाक्य त्याने इतक्या सहज म्हटलं की मला वाटलं रेकॉर्डिंग चालू असायला हवं होतं.

तो भाग आम्ही टाकलाच नाही. स्टुडिओ पण सोडला, दोन तास झाले की तिथला मुलगा काचेतून घड्याळ दाखवतो, तशात कोण खरं बोलणार. दादाच्या मूळ घरात मागच्या बाजूला भात ठेवायची कोठीची खोली आहे, चिऱ्याच्या जाड भिंती, एकच लहान खिडकी, वर लाकडी माळा असल्यामुळे कौलांवरचा पाऊस बराच अडतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर डब्यासारखी घुमायची. तीन गाद्या उभ्या केल्या, दोरीवर गोधड्या टाकल्या, खाली सुंभाची चटई. स्टुडिओच्या दोन सेशनच्या भाड्यात सगळं बसलं असतं, पण घरातलंच असल्यामुळे तेही लागलं नाही. संध्याकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून पों पों करत येतो तेवढे पाच मिनिटं थांबायचं. करंट गेला तर रेकॉर्डर बॅटरीवर.

आणि मग प्रॉम्प्टर काका आले.

काकांचं वय सत्तरच्या पुढे. उभ्या आयुष्यात रंगमंचावर दिसले नाहीत. विंगेत स्टुलावर बसून, हातात वही आणि बॅटरी, तीन पिढ्यांच्या नटांना त्यांनी शब्द दिलेत. गावच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे काय ते शहरवाल्यांना नाही कळायचं. इथे राजा होणारा माणूस दिवसा सोसायटीत कारकून असतो, महिनाभर रात्रीच्या तालमी करून उभा राहतो, समोर बायको-पोरं बसलेली, घशाला कोरड. त्याला धरून ठेवणारा एक आवाज असतो आणि तो प्रेक्षकांना अजिबात ऐकू येता कामा नये.

त्या दिवशी दादाने नेहमीसारखी छाती फुगवून सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला अडकला. काय झालं कोण जाणे, कदाचित काका समोर होते म्हणून असेल, पण ब्लँक. दोन सेकंद शांतता. आणि काका सवयीने पुढे झुकले आणि माईकमध्येच शब्द दिला, "आज माझ्या शेजारी..."

मी हेडफोन लावून बसलो होतो. तो आवाज माझ्या डोक्याच्या आत आल्यासारखा वाटला. अगदी खाली, पण प्रत्येक अक्षर सुटं. मी रेकॉर्डिंग थांबवलं, तेवढा तुकडा परत लावला आणि हेडफोन दादाच्या कानाला दिले. त्याने तीनदा ऐकला. मग हेडफोन काढून ठेवले आणि काही न बोलता बाहेर पडवीवर जाऊन उभा राहिला.

तेवढ्या वेळात मी काकांना विचारलं की तुम्ही करता काय नेमकं? ते म्हणाले की कुजबुजायचं नाही. कुजबुजलं की नुसता वारा जातो, श आणि स तेवढे लांब ऐकू येतात आणि पहिल्या रांगेतली पोरं हसतात. आवाज छातीतून काढायचा नाही, पण जिभेचं आणि ओठांचं काम पूर्ण करायचं, क ला क म्हणायचं, ट ला ट. आणि वाक्य सगळं द्यायचं नाही, दीड शब्द द्यायचा, बाकीचं त्याचं त्याला आठवू द्यायचं. "पुरा दिलो जाल्यार तो म्हजो शब्द जाता, ताचो उरना," म्हणाले, म्हणजे पूर्ण दिला तर तो माझा शब्द होतो, त्याचा राहत नाही. मला वाटतं रेडिओवाले, व्हॉइसवाले पैसे घेऊन जे शिकवतात ते हेच, फक्त काका ते अंधारात शिकले.

दादा आत आला, खुर्ची ओढून काकांच्या समोर नाही तर बाजूला घेतली, विंगेत बसतात तशी, खांद्याला खांदा, दोन्ही माईक चार-चार बोटांवर. आणि सुरू केलं कोकणीतून. काय विचारलं, तर "काका, जेवलास?" पुढचा पाऊण तास काका कोकणीत बोलले, दादा थोडं कोकणीत, थोडं आपल्या त्या गोव्याच्या मराठीत ज्याच्यात "किते" पण येतं आणि "परंतु" पण येतं. काकांनी सांगितलं की एकदा कौरव-पांडवांचं नाटक चालू असताना लाइट गेली, जनरेटर काढेपर्यंत दहा मिनिटं, आणि त्या मिट्ट काळोखात दोन्ही बाजूच्या राजांना पुढचं काही आठवेना, तर काकांनी दोघांचे संवाद विंगेतून मोठ्याने म्हटले, आणि लोकांना वाटलं नटच बोलतायत. लाइट आली तेव्हा टाळ्या पडल्या त्या नटांना. सांगताना काका हसत होते, मग जरा गप्प झाले, ती शांतता मी कापली नाही. नऊ सेकंद आहे.

त्या भागाला आकडा किती ते लगेच सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पहिल्या आठवड्यात नऊशेच. पहिल्या भागाच्या सहावा हिस्सा पण नाही. पण ग्राफची रेघ शेवटपर्यंत जवळजवळ सपाट, आणि महिनाभराने नऊशेचे तीन हजार झाले, कुणी आमंत्रण न देता. सिंधुदुर्गातून दशावतारवाल्यांचे मेसेज आले, मुंबईतल्या गोवेकरांचे आले. कोकणी कळत नाही अशी तक्रार दोन-तीनच, आणि त्यातल्या एका पुण्याच्या बाईंनीच खाली लिहिलं की दहा मिनिटांनंतर कळायला लागलं. दादाला आता मुंबईचे पाहुणे शोधायचे नव्हते. पुढचे सगळे भाग पडद्यामागची माणसं.

त्यातला एक भाग आम्हाला अवघड गेला, तो सांगितला नाही तर प्रकरण अर्धवट राहील. उत्सवी नाटकात गावातले पुरुष हौसेने काम करतात, पण स्त्रीभूमिकेला बऱ्याचदा बाहेरून व्यावसायिक अभिनेत्री येते. ती संध्याकाळी पोचते, गावच्या मंडळींबरोबर एक धावती तालीम, रात्री नाटक, पहाटे परत, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तीच भूमिका, नायक वेगळा. अशी एक ताई आली. तिने सांगितलं की एका गावचा नायक, दुकानदार माणूस, इतका घाबरलेला की प्रेमाच्या प्रवेशात त्याने तिचा हात जो धरला तो सोडेच ना, बांगडी फुटून रक्त आलं, आणि ती पदराखाली हात झाकून पुढचा पूर्ण प्रवेश करत राहिली. आत गेल्यावर तोच रडायला लागला. हे ती मजेत सांगत होती. मग बोलता बोलता मानधन बुडवल्याचे, रात्री परतायच्या गाडीचे असे काही प्रसंग आले, गावांची नावं घेऊन.

दोन दिवसांनी तिचा फोन, तो भाग काढा, मला पुढच्या सीझनला कामं पाहिजेत. दादाचं म्हणणं की तेच तर खरं आहे, तेच ऐकायला हवं. मला हे पटलं नाही आणि आमची चांगलीच वाजली. नावाजलेला माणूस कॅमेऱ्यासमोर काय बोलावं हे शिकलेला असतो, त्याला मॅनेजर असतो. ही बाई दादावर विश्वास ठेवून बोलली, कोठीच्या खोलीत, खांद्याला खांदा लावून, म्हणजे आम्हीच तिला माईकचा विसर पाडला होता. शेवटी गावांची नावं आणि गाडीचा प्रसंग कापला, मानधनाचं तिने स्वतः ऐकून ठेवायला सांगितलं. तेव्हापासून आमचा नियम झाला, भाग टाकायच्या आधी पाहुण्याला पूर्ण ऐकवायचा. पत्रकार लोक याला नावं ठेवतील, ठेवू देत.

संगीतावरून पण एक धडा. दादाला सिग्नेचर ट्यून म्हणून अभिषेकी बुवांचं एक नाट्यपद हवं होतं, मंगेशीचे बुवा, आपलेच, कोण काय म्हणणार. आपले असले तरी कायदा आहे. आपल्याकडे गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, बुवा १९९८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०५८ संपेपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, आणि रेकॉर्डचा हक्क तो वेगळा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. उलट १९११ च्या 'मानापमान'ची पदं घ्या, लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, दोन्ही हक्क संपलेत, आपण आपल्या पेटीवर वाजवून रेकॉर्ड करू शकतो. दुसऱ्याची रेकॉर्ड उचलायची नाही एवढंच. शेवटी आम्ही पद घेतलंच नाही, मंडळाच्या ऑर्गनवाल्याने आठ सेकंदांचा तुकडा बसवला आणि खाली घुमट या आमच्या मातीच्या वाद्याचे दोन ठोके. घुमट बकऱ्याच्या कातड्याचं, घोरपडीचं नाही, हे मुद्दाम सांगतो कारण कमेंटमध्ये विचारणारे असतात.

पैसा. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं लागतं, सबस्क्रायबर दादाच्या नावावर पटकन झाले, तासांना फेब्रुवारी उजाडला. तेवढ्यात रमीच्या एका अ‍ॅपवाल्यांचा फोन, रक्कम अशी की कोठीच्या खोलीला एसी लागला असता. सिरियलमधल्या चेहऱ्यांना हे फोन नेहमी येतात. पण ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायदा केला, त्यात जाहिरात करणाऱ्याला सुद्धा २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड आहे. दादाला वाचून दाखवलं, त्याने खलनायकाच्या आवाजात फोन ठेवला. मग एका रिसॉर्टने दोन रात्री फुकट देऊ केल्या, बोलता बोलता नाव घ्या म्हणून. ते घेतलं, पण "ही पेड पार्टनरशिप आहे" असं सुरुवातीलाच म्हणून, कारण अ‍ॅस्की या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे इन्फ्लुएन्सर लोकांसाठीचे नियम २०२१ पासून आहेत, आणि असली फुकटची सोय वर्षाला २०,००० च्या वर गेली तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा असतो हे दादाच्या सीएने नंतर रागावून सांगितलं. फुकट राहिला आणि वर कर भरला, असं तो आता सगळ्यांना सांगत फिरतो.

आता परिस्थिती अशी की पहिला सीझन अकरा भागांवर संपला, न टाकलेला एक धरून बारा. आणि दादाला मुंबईत नवी सिरियल मिळाली, परत खलनायकच. त्याने मला सांगितलं, मी व्हिडिओ कॉलवरून मुलाखती घेतो. मी म्हटलं खांद्याला खांदा कुठून आणणार? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

मीच मग काकांकडे गेलो, की तुम्ही बसा होस्ट म्हणून, सगळी माणसं तुमच्या ओळखीची, आवाज तुमचा लोकांना आवडलाय. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "हांव उलयलों जाल्यार म्हाका प्रॉम्प्टिंग कोण करतलो?" मी बोललो तर मला शब्द कोण देणार?

हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो शनिवारी शूटिंगला सुट्टी घेऊन कोकणकन्येने आला, मडगावला उतरून थेट कोठीच्या खोलीत, पिशवी पण खाली ठेवली नाही. समोरच्या खुर्चीत गावचा पडदेवाला, बाजूला काका, आणि काकांच्या मागे स्टुलावर दादा, हातात प्रश्नांचा कागद, मोबाइलची बॅटरी लावून. त्याच्यासमोर मी माईक ठेवलाच नाही.